नाथसागराच्या काठावर गावाची आठवण उभारायची आहे. कुणाकडून, कशी करून घ्यावी?

बुडीतकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमचं गाव जायकवाडी धरणाच्या, म्हणजे नाथसागराच्या बुडितातलं. जुनं गाव पाण्याखाली आणि आम्ही राहतो ते नवं गावठाण काठापासून चालत दहा मिनिटांवर. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. ग्रामसभा अजून व्हायची आहे आणि आमच्याकडची बरीच पोरं इथं वाचतात.

विषय असा. गावाबाहेर नोकरीधंद्याला लागलेल्या लोकांनी थोडे थोडे करून पैसे जमवलेत. एका कारखान्याच्या सामाजिक निधीतूनही काही मिळायची चिन्हं आहेत. सगळं मिळून पंधरा लाखांच्या आतबाहेर. काठावर जिथं रविवारी शहरातली माणसं मासे खायला आणि हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला येतात, तिथं गावाच्या इतिहासाचं काहीतरी कायमचं उभं करायचं, एवढ्यावर सगळ्यांचं एकमत आहे. पुढं काय, यावर बैठकीत चार तोंडं चार दिशांना.

एक गट म्हणतो पुतळा. कुणाचा, हे विचारलं की आवाज वाढतात. दुसरा गट म्हणतो पैठण जवळ आहे, तर सातवाहनांची भव्य कमान करू. तरुण मंडळाला गावाच्या नावाची मोठी रंगीत अक्षरं पाहिजेत, मधोमध बदाम, रात्री लाइट. आणि एक फ्लेक्सवाला सहा लाखांत फायबरचं धरण, फायबरचे बैल आणि फायबरचा शेतकरी द्यायला आत्ताच तयार आहे. त्याचं कोटेशन आलंसुद्धा. कागदावर एकही चित्र नाही, नुसती रक्कम.

माझं मन यातल्या कशातच रमत नाही. धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली, उद्घाटन २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींच्या हस्ते. मधल्या काळात आमची गावं उठली. तेव्हा वीस वर्षांची असलेली माणसं आज सत्तरीपार आहेत. जुन्या गावाची वेस कुठं होती, बारव कोणत्या आळीत होती, हे सांगणारी जेमतेम मूठभर उरलीत. दुष्काळात, जसं २०१६ च्या उन्हाळ्यात, पाणी मागं सरकलं की काही चौथरे उघडे पडतात. म्हातारी माणसं जाऊन बघून येतात आणि नातवाला दाखवतात की इथं आपली ओसरी होती. नातू मोबाइलमध्ये फोटो काढतो. पाऊस आला की ते परत बुडतं.

तर दोन गोष्टी विचारायच्यात. असं काम कलाकाराला देताना रीत काय असते? कारण आम्ही आजवर फक्त मंदिराचं रंगकाम आणि शाळेचं कंपाउंड एवढंच ठेक्यानं दिलंय. दुसरं, काठावर आता कहार-भोयांची वस्ती आहे, पाणी आल्यावर वाढलेली. गावातले जाणते म्हणतात ते आपल्या जुन्या गावचे नव्हतेच, त्यांचा यात काय संबंध. मला ते पटत नाही, पण बैठकीत मी एकटा पडतो.

कोरडवाहू

पंधरा लाख? काठावरच्या गावाला उन्हाळ्यात टँकर लागतो आणि तुम्ही दगडं उभी करणार. सगळे मिळून एक चांगली पाइपलाइन करा की. इतिहास पाण्यात गेलाय, जाऊ द्या.

बुडीतकाठ

कोरडवाहू, टँकरचं दुखणं खरं आहे, त्यासाठी जलजीवनवाल्यांकडं आमच्या चकरा चालूच आहेत. पण ज्यांनी पैसे दिले त्यांनी याच कामासाठी दिले. ते दुसरीकडं वळवले तर पुढच्या वर्षी कुणी शंभर रुपयेही देणार नाही.

पैठणवाला

कमानीची कल्पना तुम्ही उगाच हसण्यावारी नेलीत. प्रतिष्ठान ही सातवाहनांची राजधानी, आणि पैठणचा व्यापार किती दूरवर होता हे बघा. पेरिप्लस नावाचं पहिल्या शतकातलं ग्रीक प्रवासवर्णन आहे. त्यात भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं धाराशिव जिल्ह्यातलं तेर, असं स्पष्ट दिलंय. पैठणहून अकीकासारखे दगड गाड्यांत भरून बंदराला जायचे, तेरहून कापड. यज्ञश्री सातकर्णीच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचं जहाज आहे! समुद्रापासून एवढ्या आत राहून नाण्यावर जहाज पाडणारे राजे होते आपले. काठावर ते जहाज मोठं करून लावलं तर लांबून माणसं बघायला येतील.

बुडीतकाठ

जहाज आवडलं, खोटं कशाला बोलू. पण पैठणला ते शोभेल. आमच्या गावात सातवाहनांचं नाणं निघाल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. आमच्याकडं होती ती गुरं, बागायत आणि नदीकाठचे मळे.

वाट्टेल_ते

इतिहास दोन हजार वर्षांपूर्वीचा असला की त्यात भांडायला कुणी नसतं. पन्नास वर्षांपूर्वीचा काढला की मोबदला, भाऊबंदकी, कुणाला प्लॉट मिळाला, कुणाला नाही, सगळं वर येतं. म्हणून सगळ्यांना राजे लागतात.

टाकी_हातोडा

मी शिल्पकार. संभाजीनगरच्या शासकीय कला महाविद्यालयातून शिकलो, सध्या दगडात आणि धातूत काम करतो. तुमच्या कामासाठी मी अर्ज करणार नाही, हे आधीच सांगतो, म्हणजे मोकळेपणानं लिहिता येईल.

बहुतेक गावं आधी वस्तू ठरवतात, मग ती करणारा शोधतात. पुतळा पाहिजे, पुतळेवाला बोलवा. असं केलं की तुम्हाला कलाकार मिळत नाही, पुरवठादार मिळतो. उलटं करा. आधी दोन पानांचं टिपण लिहा: जागा कोणती, किती बाय किती, तिथं पाणी कुठवर येतं, कोण येऊन बसतं, गावाला काय सांगायचंय, काय अजिबात नको, पैसे किती आणि केव्हा. त्यात आकार लिहू नका. ‘बारा फुटी’ वगैरे तर नाहीच. ते टिपण आठ-दहा कलाकारांना पाठवा, त्यातून तिघं निवडा आणि त्या तिघांना कच्चा नमुना करायचे पैसे द्या. दहा-पंधरा हजार का असेना, पण द्या. फुकट नमुने मागवले की चांगला माणूस येतच नाही. आणि जो येतो त्याच्याकडं मागच्या गावासाठी केलेला साचा पडून असतो, तोच तुमच्या गळ्यात पडतो. फ्लेक्सवाल्याचे बैल त्यातलेच.

निवड करणारी समिती पाच-सात जणांची ठेवा. सरपंच असू द्यात, पण म्हाताऱ्यांपैकी एक बाई, एक बाप्या, काठावरच्या वस्तीतलं एक जण आणि बाहेरचा एक जाणकार कलाकार हवाच. ज्याचा नातेवाईक अर्जदार आहे त्यानं त्या दिवशी घरी बसायचं.

आता माध्यम. भिंतीवरचं रंगचित्र स्वस्त पडतं, लवकर होतं, पोरांना हात लावता येतो. पण आपल्याकडचं ऊन आणि काठाची ओल. भिंतीला लोणा आला की कितीही भारी रंग असू द्या, पापुद्रे सुटणारच. पाच-सात वर्षांनी परत रंगवायची तयारी असेल तरच करा, आणि ते पैसे आजच बाजूला काढा. फायबर उन्हात फिकं पडतं, त्याला भेगा जातात आणि आतलं लोखंड गंजतं. ब्राँझ चांगलं, पण पंधरा लाखांत फार लहान होईल आणि एकाकी जागेवर चोरीला जाईल. तुमच्या बजेटमध्ये आपला काळा पाषाण बसतो. वेरूळ त्यातच कोरलंय, यापेक्षा दुसरी जाहिरात नको. फक्त दगड खाणीवर जाऊन स्वतः निवडा, बारीक पोताचा, सलग. छिद्रं आणि पांढऱ्या गारांचे ठिपके असलेला घेतला तर नक्षीच्या ऐन जागी गार निघते आणि टाकी घसरते.

आणि करार लेखी. तीन-चार हप्ते: सही झाल्यावर, पूर्ण नमुना मंजूर झाल्यावर, दगड जागेवर पोचल्यावर, आणि शेवटचा काम बसवून एक पावसाळा गेल्यावर. हा शेवटचा हप्ता लोक विसरतात.

वकीलबाई

वरच्या कराराच्या मुद्द्याला जोडून. कलाकृती विकत घेतली म्हणजे तिचं वाट्टेल ते करता येतं, असं नसतं. अमरनाथ सेहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी केलेलं ब्राँझचं भित्तिशिल्प प्रसिद्ध आहे. काम सरकारनं १९५७ मध्ये दिलं, पूर्ण झालं १९६२ मध्ये, जवळपास १४० फूट लांब आणि ४० फूट उंच. १९७९ मध्ये नूतनीकरण करताना ते उखडून गोदामात टाकलं, तुकडे हरवले. सेहगल कोर्टात गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ च्या आधारे उरलेलं शिल्प त्यांना परत द्यायला लावलं, वर पाच लाख भरपाई. तेव्हा करारात स्पष्ट लिहा: दुरुस्ती कोण करणार, हलवायचं झालं तर कलाकाराला कळवायचं का, आणि दर पाच वर्षांनी नवा सरपंच येऊन त्याला ऑइलपेंट फासणार नाही. शेवटचं वाक्य गंमत म्हणून लिहिलेलं नाही.

निवृत्त_शाखाअभियंता

पाटबंधारे खात्यात आयुष्य गेलं, म्हणून थोडं रूक्ष लिहितो. आधी बघा, जागा कुणाची आहे? काठाची संपादित जमीन गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळाकडं असते. ग्रामपंचायतीचा ठराव तिथं पुरत नाही, महामंडळाची ना-हरकत लागते. शिवाय नाथसागर पक्षी अभयारण्य आहे, त्यामुळं वन खात्यालाही विचारावं लागेल. रात्रीचे लाइट आणि स्पीकर तर डोक्यातून काढूनच टाका. रोहित पक्षी बघायला लोक येतात म्हणता आणि त्यांनाच हुसकून लावणार का?

पुतळ्याचं म्हणाल तर २०१७ चा शासन निर्णय वाचा. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता, देखभालीची हमी, अशी बरीच लांब वाट आहे. आणि १८ जानेवारी २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळं सार्वजनिक रस्त्यावर, पदपथावर पुतळा उभारायला परवानगी देता येत नाही. म्हणजे रस्त्याकडेची, तिठ्यावरची जागा कुणी सुचवली तर ती आधीच बाद.

तांत्रिक. पूर्ण भरलेल्या धरणाची पातळी १५२२ फूट. बांधकाम त्याच्या वर ठेवा आणि लाटांसाठी अजून जागा सोडा. धरण भरलं की वारा सुटल्यावर काठ कसा खातं हे तुम्हाला माहीतच आहे. काळी माती फुगते आणि आकसते, तिच्यावर जड दगड नुसता ठेवला तर दोन वर्षांत कलेल. मुरूम लागेपर्यंत खोदा.

मालवणी_पाहुणा

मालवणच्या राजकोट किल्ल्यावरच्या शिवाजी महाराजांच्या पुतळ्याची गोष्ट इथं कुणीतरी काढायलाच हवी. समुद्रकाठ, ४ डिसेंबर २०२३ ला अनावरण, २६ ऑगस्ट २०२४ ला पुतळा खाली. नऊ महिनेसुद्धा झाले नव्हते. आमच्याकडं खारा वारा होता, तुमच्याकडं तो नाही, पण तारीख गाठायची घाई सगळीकडं सारखीच. १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनी उद्घाटन करायचं असं कुणी म्हणालं तर त्याला विचारा, कोणत्या वर्षीचं.

सासर_शेवगाव

मी पलीकडच्या काठाची. आईचं माहेर बुडितातलं, कदाचित तुमच्याच शेजारच्या गावातलं. माझं एकच सांगणं आहे. तुम्ही मूठभर जाणते उरलेत म्हणता, ते सगळे गावात राहिलेले पुरुष असणार. धरणाआधी लग्न होऊन गेलेल्या मुली कुठं आहेत बघा. शेवगाव, नेवासा, गंगापूर, पैठण, अंबड. त्यांच्या डोक्यात जुनं गाव जसंच्या तसं आहे, कारण त्यांनी नवं गाव धड पाहिलंच नाही. आई पंचमीला माहेरी जायची ते मामाच्या नव्या घरी, पण झोक्याचं झाड विचारलं की सांगते ते जुन्या गावातलं, मारुतीच्या मागचं. कोणत्या विहिरीचं पाणी डाळ शिजायला चांगलं, कोणतं मचूळ, धुण्याचा दगड कुणाचा, जात्यावर कुणाची ओवी कुणी उचलायची, हे सगळं तोंडपाठ. पुरुषांना विचारलं तर गट नंबर आणि मोबदल्याचा भाव सांगतील.

आणि हो, दगडावर नावं कोरणार असाल तर नुसती खातेदारांची कोरू नका. सातबारावर तेव्हा एकाही बाईचं नाव नव्हतं.

बुडीतकाठ

ताई, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या आत्या पाच, पैकी तीन हयात आहेत. दिवाळीत त्यांना एकत्र बसवून बोलतं करतो. रेकॉर्डिंगही करतो.

जाळंवाला

काठावरच्या वस्तीतला मीच. म्हंजी तुमच्या गावची वस्ती नसंल, पण काठ तोच. मह्या आज्यानं गोदामायच्या डोहात जाळं टाकलं, बापानं धरणात. आमी पाणी आल्यावर आलो असं म्हनतात ते अर्धंच खरं हाये. नदी व्हती तव्हा बी आमी व्हतो. नावंवर आमीच माणसं पैलतिरी न्यायचो, नाथषष्ठीला दिंड्या बी. धरण झालं, नावा गेल्या, मासं आलं. आमचं गाव न्हाई बुडालं, कारण आमाला गावात घरच नव्हतं.

आता तुमी काठावर काय बी उभं करा, फकस्त एक बघा. जी जागा तुमी म्हनता तिथंच सकाळी आमचे चप्पू, म्हंजी ल्हान होड्या, लागतात आन कटला-रोहूच्या क्रेट वर चढतात. तिथं पायऱ्या बांधल्या, बाकडी ठेवली, रेलिंग मारलं तर आमी जाळी वाळवायची कुठं? कोळ्याचा पुतळा नको आमाला. उतार मोकळा ठेवा.

वाट्टेल_ते

या धाग्यातली सर्वांत महत्त्वाची पोस्ट ही आहे. कमान, जहाज, बैल सगळं बाजूला.

मुंबईत_भाड्यानं

जाळंवाला यांच्यावरून आठवलं. इथं ससून डॉकला २०१७ मध्ये मोठा कलाप्रकल्प झाला होता. १८७५ मधली गोदी, तिथं काम करणाऱ्या कोळणींचे मोठमोठे चेहरे भिंतींवर चिकटवले होते. बघायला अर्धी मुंबई लोटली. नाकाला रुमाल लावून आलेले लोक जाताना कोळंबी सोलणाऱ्या बायकांशी बोलून जात होते, हे मी पाहिलंय. चित्रं छानच होती. पण ती कागदाची होती, काही काळासाठी होती, आणि त्यामुळं गोदीतल्या कामात कुणाचा पाय अडकला नाही. कायमचं करायचं म्हटलं की जागेचा हिशोब वेगळा होतो. तुमच्याकडंही आधी असं तात्पुरतं काही करून बघता येईल. म्हाताऱ्यांचे फोटो मोठे करून गावठाणातल्या भिंतींवर चिकटवा, एक उन्हाळा राहू द्या. लोक काय बोलतात ते ऐका आणि मग दगडाला हात घाला.

रेल्वेफाटक

धरणावर शिल्प म्हटलं की मला चंबळ आठवते. मध्य प्रदेशातल्या गांधीसागर धरणावर राम सुतारांनी ४५ फुटी चंबळदेवी केली. आई म्हणजे नदी आणि तिची दोन मुलं म्हणजे मध्य प्रदेश आणि राजस्थान. सुतार आपल्या धुळे जिल्ह्यातले, आधी अजिंठा-वेरूळच्या मूर्तींच्या दुरुस्तीवर काम केलेले. नेहरूंना पुढं भाक्रा धरणाच्या मजुरांसाठीही त्यांच्याकडून मोठं शिल्प हवं होतं, पण पैशांअभावी ते राहून गेलं. विचार करा, नदीची देवी झाली, मजुरांचं मात्र राहिलं. जायकवाडीवर दगड वाहणारे, माती टाकणारे कोण होते? दहा किलोमीटरचा बांध काय आपोआप आला? तुमच्या गावातलेच काही जण आपलंच गाव बुडवणाऱ्या कामावर रोजंदारीला गेले असतील.

बुडीतकाठ

गेले होते. माझे चुलत आजोबा जायचे. मजुरीत मिळालेल्या पैशातून त्यांनी नव्या गावठाणात पत्रे आणले.

जल्लोष_कशाचा

मला एक कळत नाही. साजरं करायचं म्हणजे काय करायचं? लोकांना हुसकावलं, खालच्या बागायतदारांचं भलं झालं, शहराला आणि कारखान्यांना पाणी मिळालं. पुनर्वसनाचा कायदासुद्धा आला तो १९७६ मध्ये, धरणाचं उद्घाटन झालं त्याच वर्षी. आणि आता त्यावर नक्षीकाम? निषेधाचा काळा दगड उभा करा, बास.

परभणीकर

अहो निषेध, आमच्याकडं डाव्या कालव्याचं पाणी आलं म्हणून माझा बाप शिकला. आमच्या घरात धरण म्हटलं की हात जोडतात. तुमचं गाव गेलं हे आम्हाला कधी कुणी सांगितलंच नाही. मीसुद्धा या धाग्यात पहिल्यांदा एवढं वाचतोय. कालव्याच्या टोकाला राहणाऱ्यालाही कळेल असं काहीतरी करा. निषेधाच्या दगडाकडं मी बघून पुढं जाईन.

जल्लोष_कशाचा

तुम्ही हात जोडता म्हणूनच सांगतोय. कुणाच्या जिवावर जोडता तेवढं त्या दगडावर लिहिलेलं असावं.

गधेगाळ_वीरगळ

मराठवाड्यातले वीरगळ बघत फिरणं हा माझा छंद. तुम्ही सगळे पुतळा, कमान, जहाज शोधताय, पण आपल्याकडं गावानं स्वतःच्या माणसांसाठी दगड कोरून घ्यायची परंपरा हजार वर्षांची आहे. गावोगावी मारुतीच्या पारापाशी, वेशीबाहेर पडलेले असतात, लोक शेंदूर फासतात, त्यावर धुणंही धुतात. वीरगळाची रचना साधी: खालच्या चौकटीत मरण कसं आलं ते, म्हणजे लढाई, गुरं पळवणं. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर घेऊन चालल्यात. वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करतोय. माथ्याला चंद्र-सूर्य, ते आहेत तोवर ही आठवण राहील म्हणून. राजाचा नसतो तो, बहुतेक वेळा गावातल्याच कुणाचा. गुरं वाचवताना मेलेल्याचा.

तीच चौकटींची भाषा घेऊन आजचा कलाकार काय करेल? खाली जुनं गाव, मधे गाव उठतानाच्या बैलगाड्या, वर पाणी आणि त्यावर चप्पू. एवढा मोठा एकच दगड नको, गावातल्या आळ्यांइतके लहान लहान करा, कंबरेएवढे. एकाच जागी गर्दी करायलाही नको. गावठाणापासून काठापर्यंतच्या वाटेनं लावत न्या. चप्पूंचा उतारही मोकळा राहतो आणि पुतळ्याच्या परवानगीचं त्रांगडंही कदाचित टळेल, अभियंतासाहेबांनी सांगावं.

निवृत्त_शाखाअभियंता

गावठाणाची वाट ग्रामपंचायतीकडं असेल तर बरंच सोपं होतं, काठाच्या टोकाला एक-दोन येतील तेवढ्यापुरतीच महामंडळाची परवानगी. व्यक्तीचा पुतळा नसला तरी जिल्हाधिकारी कार्यालयाला लेखी कळवाच. नंतर कुणीतरी तक्रार करतोच.

आणि एक सुचवतो. शेवटच्या दगडावर पातळीच्या रेघा कोरा. १५२२ ची एक रेघ, आणि गावाच्या वेशीचा उंबरठा किती फुटांवर होता ती दुसरी. संपादनाच्या वेळच्या जुन्या नकाशांत समतलरेषा असतात, त्यावरून काढता येईल. धरणाची आजची पातळी फुटांत कळली की तिच्यावरून वेस आज किती पाण्याखाली आहे ते कुणीही सांगू शकेल.

टाकी_हातोडा

वीरगळाची कल्पना पक्की आहे, पण एक इशारा. जुन्या वीरगळाची हुबेहूब नक्कल करून मागू नका, अप्सरेच्या जागी सरकारी अधिकारी कोरला तर ते हास्यचित्र होईल. चौकटी घ्या, उंची घ्या, दगड घ्या, बाकी कलाकारावर सोडा. कंबरेएवढे दहा-बारा दगड, उथळ उठावाचं काम, पाथरवटांची एक चांगली टोळी आणि नमुना करून देणारा एक शिल्पकार, एवढं तुमच्या पैशांत होईल असं वाटतं. पाथरवटाचं नावही दगडाच्या मागं कोरा. आपल्याकडं ते कधीच कोरत नाहीत.

तरुण_मंडळ_सदस्य

मी याच गावचा, काकांनी नाव लपवलं तरी कळलंच. 😄 रंगीत अक्षरं आम्हाला हवीत कारण गावाचं नाव गूगलवर धड येत नाही, येतं ते दुसऱ्याच जिल्ह्यातलं. दगड चालतील. पण प्रत्येक आळीचा दगड त्या आळीतल्या पोरांनी सांभाळायचा असं ठरवा. आणि आत्यांचं रेकॉर्डिंग आम्ही करतो, काकांना मोबाइल धरता येत नाही, सगळ्या व्हिडिओत बोट येतं.

बुडीतकाठ

बरं. ग्रामसभेपुढं काय ठेवणार ते लिहितो. फ्लेक्सवाल्याचं कोटेशन बाजूला. आधी माहेरवाशिणी आणि म्हाताऱ्यांकडून जुन्या गावाचा नकाशा, मुलं काढतील. त्यावरून दोन पानांचं टिपण. तीन कलाकार, तिघांनाही नमुन्याचे पैसे. वाट गावठाणातून, चप्पूंचा उतार सोडून. समितीत वस्तीवरचा एक जण आणि दोन बायका, एक गावातली आणि एक बाहेर दिलेली. खर्चातला एक वाटा देखभालीसाठी बँकेत. उद्घाटनाची तारीख नाही.

वस्तीचा स्वतंत्र दगड असावा की काठाकडच्या शेवटच्या दगडात त्यांची चौकट असावी, हे मी ठरवणार नाही. जाळंवाला, तुम्ही लोकांना विचारून सांगा.

जाळंवाला

इचारतो. आज्याची नाव कशी व्हती ते सांगनारा एकच म्हातारा हाये, त्याला बी तुमच्या पोरांच्या मोबाइलसमोर बसवतो. पन सक्काळी नका येऊ, जाळ्यावर असतो तो. दुपारून या.

पैठणवाला

जहाज कुठंच नाही का मग?

गधेगाळ_वीरगळ

पैठण नगरपालिकेला लिहा. मी सही करतो.